फलश्रुतीनंतर

गेल्या मे महिन्यात भाची माझ्याकडे राहायला आली होती. बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली, अठरावं पूर्ण झालं, आता निकाल लागेपर्यंत नुसतं लोळायचं असं ठरवूनच ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. दिवसभर आंबे, संध्याकाळी गच्चीत वारा खात बसणं आणि रात्री सिनेमा. पहिल्या रात्री आम्ही 'एलियन' लावला, दुसऱ्या रात्री 'एलियन्स', अंतराळातल्या राक्षसांशी झुंजणाऱ्या रिप्लीच्या मालिकेतले पहिले दोन इंग्रजी सिनेमे. दिवे बंद, पंखा पाचावर, दोघींच्या मधे ताटलीत हापूसच्या फोडी. शेवटच्या अर्ध्या तासात त्या फोडींना कुणाचा हात लागला नाही. शेवटी रिप्ली त्या राक्षसांतून वाचवलेल्या न्यूट नावाच्या पोरीला काचेच्या पेटीत झोपवते, पुढचा लांबचा प्रवास झोपेतच करायचा असतो. ती पोरगी विचारते, आता स्वप्नं पडली तर चालतील का? रिप्ली सांगते, हो, आता आपल्या दोघींनाही चालतील. पडदा काळा झाला तेव्हा भाचीनं पोटाशी घट्ट धरलेले गुडघे सोडले, मोठा श्वास टाकला आणि म्हणाली, "मावशी, तिसरा लाव."

"तिसऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही," मी म्हटलं. "गोष्ट इथेच संपते. झोप आता."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मी पोळ्या करत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. गळ्यात इअरफोन लोंबत होते आणि डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल. "न्यूट मेली," ती म्हणाली. "पहिल्या पाच मिनिटांत. तुला माहीत होतं." मी काहीच बोलले नाही. "मी काय लहान आहे का? खोटं का बोललीस?" आणि मी उत्तर शोधत असतानाच तिनं पुढचं वाक्य टाकलं, "आणि मला तो आवडला. लिहिलेला तर सगळ्यात चांगला तोच आहे." तव्यावरची पोळी करपली. तो वास दुपारपर्यंत घरात राहिला. तिचं वाक्य मात्र अजून गेलेलं नाही.

खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलंच. पण जास्त टोचलं ते दुसरं. पंचवीस वर्षं जो सिनेमा मी गोष्टीच्या बाहेर काढून ठेवला, ज्याचं नाव निघालं की माझा आवाज चढतो, तो हिला एका रात्रीत आवडला. आणि तिला सिनेमे कळत नाहीत असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण सिनेमा बघायला मीच तिला शिकवलंय.

या मालिकेवर वाद घालणारी माणसं मला आयुष्यभर भेटत आली आहेत. कॉलेजात भेटली, पहिल्या नोकरीत भेटली, एकदा तर कोयना एक्सप्रेसमध्ये कराड येईपर्यंत एका अनोळखी बाईंशी माझा यावरच वाद रंगला होता. सगळे वाद फिरून फिरून तिसऱ्या भागापाशी येतात. कुणी म्हणतं, त्या यानात अंडं आलंच कुठून? त्या राक्षसांच्या राणीची अंडी घालायची पिशवी तर ती मागेच तोडून आली होती. कुणी म्हणतं, एवढे सगळे टक्कल केलेले कैदी, कोण कोण आहे तेच कळत नाही, मग त्यांच्या मरणाचं काय वाटणार? या तक्रारी खऱ्या आहेत. पण पटकथेतली भोकं मी माफ करू शकते, आवडत्या गोष्टीतली तर सहज. अंड्याचा हिशेब लागला असता तरी माझा राग गेला नसता. माझा राग त्या काचेच्या पेटीबद्दल आहे.

ती पेटी समजायची तर 'एलियन्स'मधला एक प्रसंग माहीत हवा, आणि तो १९८६ साली थिएटरात बघणाऱ्यांना दिसलाच नव्हता. लांबी कमी करण्यासाठी तो कापला होता, पुढे विस्तारित आवृत्तीत परत आला. रिप्ली सत्तावन्न वर्षं झोपेत काढून परत आली आहे. पडद्यावर उमटवलेल्या खोट्या झाडांसमोर बाकावर बसून ती आपल्या मुलीची चौकशी करते. कंपनीचा माणूस तिच्या हातात एका म्हातारीचा फोटो ठेवतो. ती म्हातारी म्हणजे तिची मुलगी, सहासष्टाव्या वर्षी गेलेली. आईनं तिला सांगितलं होतं, तुझ्या अकराव्या वाढदिवसाला मी परत येईन. सिगर्नी वीव्हर त्या फोटोवरून बोटं फिरवते, ती कशी फिरवते ते बघावं. त्या वर्षी तिला ऑस्करचं नामांकन होतं. त्यानंतर त्या उजाड वसाहतीत, आईबाप गमावलेली, बाहुलीचं नुसतं डोकं छातीशी धरून बसलेली न्यूट सापडते. रिप्ली ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसते आणि काळ्या थराखालून एकेक गाल उजळत येतो. आमची आजी म्हणायची, माय मरो पण मावशी जगो. ती म्हण सगळ्यांसमोर उच्चारायला मला नेहमी संकोच वाटत आला आहे, माझी बहीण ठणठणीत आहे आणि असावी. पण रिप्ली न्यूटची कोण, या प्रश्नाला मराठीत याहून नेमकं उत्तर मला सापडलेलं नाही. शेवटी न्यूट तिला आई म्हणून हाक मारते. तिथपर्यंत ती मावशी असते. भयाच्या पोटात शिरून पोरीला परत आणणारी मावशी.

आणि १९९२ साली 'एलियन ३' सुरू होतो. सुरुवातीला निर्मिती कंपनीची ती ओळखीची धून वाजते, पण शेवटचा सूर उतरायच्या ऐवजी तिथेच अडकतो आणि काळवंडत जातो. मग श्रेयनामांच्या मधूनमधून तुकडे दिसतात: काचेला गेलेला तडा, आग, झोपलेले चेहरे. यान एका तुरुंगाच्या ग्रहावर कोसळतं. न्यूट पेटीतच बुडून मेलेली आहे, दुसऱ्या भागात त्यांच्यासोबत वाचलेला सैनिक हिक्सही गेला आहे. नावं संपतात त्याच्या आत सगळं आटोपलेलं असतं. न्यूटला एक वाक्य मिळत नाही. तिला जागही येत नाही.

लेखकांना असं का करावं लागलं त्याची कहाणी बरीच माहितीतली आहे आणि ती ऐकली की मन जरा निवळतं. एका लेखकानं लिहिलेला हा सिनेमाच नाही. आधी विल्यम गिब्सन यांनी एक संहिता लिहिली, तिच्यात रिप्ली बराच वेळ बेशुद्ध, भार हिक्सवर, आणि न्यूटला पृथ्वीवर आजीआजोबांकडे पाठवून दिलेलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. आजीआजोबांकडे! सुट्टीत पोरांना एसटीत बसवून देतात तसं. ती संहिता बाजूला पडली. मग डेव्हिड टूही यांनी तुरुंग आणला. व्हिन्सेंट वॉर्ड यांनी लाकडाचा ग्रह कल्पिला, त्यावर मठ आणि संन्यासी. पुढे लाकूड गेलं, तुरुंग राहिला, आणि संन्याशांची श्रद्धा कैद्यांच्या अंगात शिरली. वॉल्टर हिल, डेव्हिड गायलर आणि लॅरी फर्ग्युसन यांची नावं पटकथेवर आली. सेट उभे राहिले तरी संहिता पुरी नव्हती. डेव्हिड फिंचर यांचा हा पहिलाच चित्रपट, आणि त्यांनी तो पुढे आपला मानलाच नाही. २००३ मध्ये जी लांब आवृत्ती निघाली तिच्यातही त्यांनी भाग घेतला नाही. शिवाय न्यूटचं काम केलेली मुलगी सहा वर्षांत मोठी झाली होती. मधे एक दिवसही गेला नाही असं दाखवायचं तर ती त्या पेटीत मावणार कशी? सगळी कारणं मला कळतात. पण एखाद्याच्या हातून घागर का फुटली याचं कारण कळलं म्हणून पाणी परत येत नाही.

आमच्या घरी चैत्रात रामायण वाचलं जायचं. पाडव्याला सुरुवात. वाल्मीकींच्या मराठी भाषांतराचे जाड खंड, लाल फडक्यात बांधलेले, त्यांना कापराचा आणि कसरीचा मिळून एक वास. आजी वाचायची, आम्ही खालच्या फरशीवर पोटावर झोपून ऐकायचो. युद्धकांडाच्या शेवटी राज्याभिषेक होतो आणि मग येते फलश्रुती: हे जो ऐकेल त्याला काय काय मिळेल, आयुष्य, संतती, धान्य. फलश्रुती वाचून झाली की आजी पुस्तक मिटायची, डोक्याला लावायची आणि फडक्याची गाठ मारायची. एक खंड उरलेला असायचा. त्याला ती हात लावत नसे. पुढे काय झालं विचारलं तर म्हणायची, "फलश्रुती झाली. आता कसलं पुढे?" मोठेपणी कळलं की अभ्यासकही साधारण हेच म्हणतात. सहाव्या कांडाच्या शेवटीच फलश्रुती येते, म्हणजे कथा तिथे संपत असणार, आणि उत्तरकांड नंतरच्या हातांनी जोडलं असणार, असा त्यांचा एक मोठा आधार. पण आमच्याच घरात एक आत्या होती. लग्नानंतर चार वर्षांनी ती माहेरी परत आली होती, का ते आम्हा मुलांसमोर कधी बोललं गेलं नाही. ती दुपारी, सगळी निजल्यावर, तो उरलेला खंड सोडायची. तेवढाच. भूमीला हाक मारणाऱ्या सीतेपर्यंत यायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. आजीला ते ठाऊक होतं. फडक्याची गाठ वेगळी दिसायची ना. दोघींमध्ये त्यावरून एक शब्द झालेला मी ऐकला नाही.

सिनेमांच्या पुढच्या भागांवर माणसं तावातावानं भांडतात तेव्हा मला ती गाठ आठवते. लिखाण चांगलं की वाईट हे आपण संवादांवरून, घटनांच्या सांध्यांवरून, कोण कसं वागलं यावरून बोलतो. पण भांडण तिथे नसतंच. आधीच्या लेखकानं एक फलश्रुती दिलेली असते: एवढं भय तू सोसलंस ना, मग घे, आता तुला स्वप्नं पडली तर चालतील. ती घेऊन आपण घरी गेलेलो असतो, वर्षानुवर्षं ती उशाशी ठेवून झोपलेलो असतो. पुढच्या लेखकाला ती मोडायचा अधिकार आहेच. मोडल्याशिवाय पुढची गोष्ट सुरू होणार कशी? पण ती मोडताना त्यानं तिच्याकडे बघावं, एवढंच माझं मागणं. श्रेयनामांच्या मधल्या फटीत मोडू नये.

या मालिकेनं ही सवय पुढेही सोडली नाही. २०१२ च्या 'प्रोमिथियस'मध्ये एलिझाबेथ शॉ सगळं सोसून वाचते आणि आपल्याला घडवणाऱ्यांचा शोध घ्यायला एकटी पुढच्या प्रवासाला निघते, सोबत एका यंत्रमानवाचं तुटलेलं शिर. पाच वर्षं आपण तिच्या उत्तराची वाट बघितली आणि 'कव्हनंट'मध्ये कळलं की ती मधेच केव्हातरी मारली गेली, त्याच यंत्रमानवाच्या प्रयोगांत. पुन्हा पडद्यामागे. त्याच्या आधी, २०१५ मध्ये नील ब्लोमकॅम्प यांनी न्यूट आणि हिक्स जिवंत आहेत असं धरून नवा भाग करायचं जाहीर केलं होतं, तेव्हा मी आठवडाभर हवेत होते. तो झालाच नाही. आणि आता वाटतं, बरं झालं. मेलेल्याला खोडरबरानं जिवंत करणं हे मारण्याइतकंच बेफिकीर झालं असतं. सगळ्यात जास्त दुःख मला 'एलियन्स'चे लेखक-दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांचं झालं. न्यूट आणि हिक्सला असं संपवल्याबद्दल त्यांनी उघड नाराजी बोलून दाखवलेली आहे, आणि ती माझीच नाराजी होती. पण २०१९ च्या ज्या 'टर्मिनेटर'च्या कथेत आणि निर्मितीत ते स्वतः होते, त्याच्या पहिल्या काही मिनिटांत जॉन कॉनर मारला जातो. १९९१ च्या सिनेमात दोन तास जीव टांगणीला लावून वाचवलेला तोच मुलगा. थिएटरमध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस नुसतं "अरे" म्हणाला. एवढंच. त्याच्या त्या "अरे"मध्ये सगळं होतं.

२०२४ चा 'रोम्युलस' वेगळ्या टोकाला गेला. तो पहिल्या दोन भागांच्या मधे बसतो, कुणालाच दुखवत नाही. नव्या पोरापोरींचा, अंगावर काटा आणणारा सिनेमा आहे, भावाबहिणीचं नातं तर त्यात फार सुंदर लिहिलंय, भाऊ यंत्र असूनही. पण मग ऐन क्षणी तो भाऊ रिप्लीचं राणीला ललकारणारं ते गाजलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणतो, तिची शिवी धरून, आणि आजूबाजूचे लोक टाळ्या पिटत असताना मी थंड पडले. ते वाक्य रिप्लीच्या तोंडी का आलं होतं? एक मूल गमावलेली बाई दुसरं गमवायला तयार नव्हती म्हणून. ते तिच्या सत्तावन्न वर्षांतून आलं होतं. उसनं आणल्यावर नुसता आवाज राहतो. मागच्या गोष्टीला पायाखाली तुडवणं मला नको होतं, तसं तिला देव्हाऱ्यात बसवून रोज हळदकुंकू वाहणंही नको होतं.

पण भाचीला तिसरा आवडला याचं उत्तर यातून मिळत नव्हतं. मिळालं ते एका जुन्या रात्रीतून, जी मी बरीच वर्षं बाजूला ठेवली होती.

पुणं, १९९९. मुलींचं वसतिगृह. आम्ही आठ-नऊ जणींनी वर्गणी काढून शनिवारच्या रात्रीपुरता व्हीसीडी प्लेयर भाड्यानं आणला होता. रेक्टर मॅडमनी एका अटीवर परवानगी दिली, आवाज बाहेर येता कामा नये. म्हणून किंकाळीच्या जागा आल्या की कुणीतरी पळत जाऊन आवाज कमी करायचं, त्यामुळे आम्ही सगळ्यात भीतीदायक प्रसंग जवळजवळ मुके बघितले. खिडकीला चादर, जमिनीवर सतरंज्या, स्टीलच्या डब्यातले चिवडे. 'एलियन्स'ची दुसरी तबकडी संपली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि सगळ्या जणी हसत होत्या, कुणी कुणाच्या गळ्यात पडत होत्या. मग उत्साहात तिसऱ्याची तबकडी घातली. पाचव्या मिनिटाला माझ्या तोंडून मोठ्यानं "हे काय!" निघालं आणि चार-पाच जणी उठून झोपायला गेल्या. मी बसून राहिले, निव्वळ रागानं. शेवटी उरलो मी आणि माझी रूममेट.

ती लातूरकडची. किल्लारीपासून सात-आठ किलोमीटरवर तिचं गाव. तिच्या गावाबद्दल आम्ही विचारत नसू आणि ती सांगत नसे. तिच्या घरच्यांपैकी कोण कोण आहे हे आम्हाला तिला येणाऱ्या पत्रांवरून माहीत होतं, आणि कोण नाही ते न आलेल्या पत्रांवरून.

सिनेमा संपला तेव्हा पहाट झाली होती. मी सुरू झाले. हे काय लिखाण आहे? ज्या पोरीसाठी तिनं जीव धोक्यात घातला तिला झोपेत मारून टाकायचं? ना लढाई, ना निरोप. आधीच्या सगळ्या सिनेमाचा अर्थच पुसून टाकला. ती सतरंजीची घडी घालत होती. थांबून म्हणाली, "झोपेतच जातात माणसं."

एवढं म्हणून ती पुन्हा घडी घालायला लागली. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला चार मिनिटं कमी. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं दमून झोपली होती आणि दगडमातीच्या जाडजूड भिंती झोपलेल्यांवर आल्या. तारीख आम्हाला सगळ्यांनाच पाठ होती. मी तेव्हा नववीत होते, शाळेत आम्ही जुने कपडे आणि पैसे गोळा केले होते. पण त्या तारखेला कुणाच्या तोंडून सतरंजीच्या घडीसारखं साधं वाक्य येऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

मग तीच बोलली, थोडंसंच, आणि सगळं सिनेमाबद्दलच. ती म्हणाली, तुला राग आलाय तो बरोबर आहे, त्यांनी घाईत मारलं. पण नंतर जे लिहिलंय ते घाईत नाही लिहिलेलं. ती पोरीचं प्रेत बघायला मागते ते बघ. शुद्धीवर आल्या आल्या. तिला सांगतात बुडून मेली, तर ती ऐकत नाही, म्हणते उघडा, मला आत बघायचंय. डॉक्टरला पटकीचं खोटं कारण सांगते, कुणाचा विश्वास बसणार नाही असं. बघायला मिळावं म्हणून माणूस काय वाटेल ते सांगतो. आणि मग ती भट्टी. तुरुंगाधिकारी कागदावरचं छापील वाचत असतो, पटकन आटपायला बघत असतो. मग तो कैदी पुढे येतो, ज्याचा त्या दोघांशी काही संबंध नाही, आणि विचारतो की निर्दोषांना शिक्षा का होते. उत्तर त्याच्याकडेही नाही. पण तो बोलतो. "चार शब्द बोलायला कुणीतरी थांबलं," ती म्हणाली. "दोघांसाठीच थांबलं."

तिच्याकडे सगळ्यांना एकत्र अग्नी द्यावा लागला होता. हे ती म्हणाली नाही. मला वर्तमानपत्रातून माहीत होतं.

त्यानंतर मी तिच्याशी या सिनेमावर कधी वाद घातला नाही. पण इतरांशी घालत राहिले, त्याच जुन्या आवेशानं, जणू ती पहाट झालीच नव्हती. हेच मला आता टोचतं. तिचं म्हणणं मी खरं मानलं होतं, आणि तरी ते तिचं म्हणून वेगळ्या खणात ठेवून दिलं. तिच्यापुरता तो सिनेमा चांगला आणि जगापुरता वाईट, अशी सोयीची विभागणी. वास्तविक ती स्वतःच्या दुःखाबद्दल बोललीच नव्हती, लिखाणाबद्दल बोलली होती, आणि माझ्याहून बारकाईनं. पहिल्या पाच मिनिटांचं लिखाण आणि पुढच्या अर्ध्या तासाचं लिखाण यांच्यात तिनं फरक केला होता. मी केला नव्हता. ज्या हातांनी, किंवा त्यांच्यातल्या ज्या कुणा हातांनी, न्यूटला बेफिकिरीनं मारलं, त्यांतल्याच कुणालातरी मागाहून ते सोसलं नसावं. बाकी सगळी मालिका प्रेतांवरून उडी मारून पुढे पळते. हा एकच भाग प्रेतापाशी थांबतो. त्या सुऱ्या-करवतीच्या आवाजात रिप्ली मान फिरवते, पण खोली सोडत नाही. असं पान मालिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही भागात नाही, माझ्या लाडक्या दुसऱ्यातही नाही.

आणि तरीही पहिली पाच मिनिटं मला मान्य नाहीत. या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी बसून आहेत, आजीच्या गाठीसारख्या आणि आत्याच्या गाठीसारख्या.

त्या दिवशी दुपारी मी रूममेटला फोन लावला. आता ती लातूरला शाळेत शिकवते, वर्षातून दोनदा आमचं बोलणं होतं. विचारलं, ती वसतिगृहातली रात्र आठवते का, तो तिसरा सिनेमा? तिला सिनेमा आठवत नव्हता. न्यूट हे नावही आठवत नव्हतं. प्लेयरची वायर जळाली म्हणून दुकानदारानं अनामत परत दिली नाही हे मात्र तिला पैशासकट आठवत होतं. मी तिला भट्टीचा प्रसंग सांगून बघितला. ती जरा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "असं मी म्हणाले होते? असेल." मग पाऊस, बदल्या, तिच्या मुलाचं दहावीचं वर्ष. फोन ठेवल्यावर मला उगाच एकटं वाटलं. तिचं वाक्य मी इतकी वर्षं जपलं, आणि तिनं ते त्या सतरंजीबरोबर घडी घालून केव्हाच ठेवून दिलं होतं.

भाची संध्याकाळी गच्चीत भेटली. राग उतरला होता. मी तिला सरळ सांगितलं, की तू झोपायला निघाली होतीस, खूश होतीस, म्हणून खोटं बोलले. ती म्हणाली, "न्यूट पण हेच विचारते ना रिप्लीला. राक्षस नसतात असं मोठी माणसं लहान मुलांना का सांगतात?" आणि मला रिप्लीचं उत्तरही आठवलं: बहुतेक वेळा ते खरं असतं म्हणून. खाली रस्त्यावर आइसक्रीमची गाडी घंटी वाजवत चालली होती. मी विचारलं, तुला त्यात काय एवढं आवडलं? तिनं खूप विचार केला. "ती रडायच्या आधी खात्री करून घेते," म्हणाली. "आणि मला एकदम दुसऱ्यानंतर लगेच बघितल्यामुळे असेल, पण मला वाटलं ती पेटीपाशीच आहे अजून. तुला मधे किती वर्षं गेली?" मी हिशेब केला. दुसरा मी पहिल्यांदा शाळेत असताना मामाकडे व्हीसीआरवर बघितला होता. पाच वर्षं. "मग पाच वर्षं ती तुझ्याकडे जिवंत होती," भाची म्हणाली. "माझ्याकडे एकच रात्र."

रात्री जेवणं झाल्यावर तिनं न विचारता तिसरा लावला. दिवे मी बंद केले. ती धून सुरू झाली आणि शेवटच्या सुरावर अडकली. काचेला तडा जायच्या आधी भाचीनं रिमोट उचलला, माझ्याकडे बघितलं.

"एवढं पुढे ढकलू?"

"नको," मी म्हटलं. "चालू दे."